मृच्छकटिक सातवी-आठवीच्या मुलांना कसं शिकवावं? नुसतं पाठांतर नको आहे

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी सातवी-आठवीला मराठी शिकवतो. गॅदरिंगला दरवर्षी तीच रेकॉर्ड डान्सची रांग लागते, म्हणून यंदा मुख्याध्यापकांनी विचारलं, एखादं जुनं नाटक बसवता का? मी मृच्छकटिक म्हणालो, संस्कृतातलं मातीच्या गाडीचं नाटक. कॉलेजात वाचलं होतं, त्यातला चोराचा प्रवेश अजून डोक्यातून गेलेला नाही.

आता अडचणी सांगतो. नाटक दहा अंकांचं, पात्रं ढीगभर. संवाद लिहून दिले तर मुलं घडाघडा म्हणतील, पण नायक चारुदत्त कोण आणि तो गरीब का झाला, हे विचारलं तर एकमेकांकडे बघतील. मला गॅदरिंगपेक्षा वर्गात नाटक कळण्यात जास्त रस आहे. हाताने काही करता करता, खेळता खेळता ते मुलांच्या अंगात उतरावं.

दुसरं, मुलं घरी अहिराणी बोलतात. मैदानावर त्यांचा आवाज गावभर जातो, पण ‘पुस्तकातलं’ मराठी बोलायला उभं केलं की तो घशातच राहतो. तिसरं, दिवाळीनंतर कापूस वेचणीला हजेरी निम्म्यावर येते. आज जो चारुदत्त आहे तो उद्या शेतात असतो. चौथं, नायिका वसंतसेना गणिका आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगायचं? आणि पैसे म्हणाल तर नाहीतच.

कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

केळीबाग

सर, मी रावेरकडची, प्राथमिकला आहे. मृच्छकटिक शिकवलेलं नाही, पण नावातच मातीची गाडी आहे ना? मग सुरुवात मुलांकडून गाडी करून घेण्यापासून करा. आमच्याकडे पोळ्याला मुलं मातीचे बैल करतात, त्या बैलांना जुंपता येईल. हाताला चिखल लागला की मुलं आपोआप बोलायला लागतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. बाकी मोठ्या वर्गाचं जाणकार सांगतीलच.

पांझराकाठ

सर, तुम्ही नाटक फार चांगलं निवडलंत. मी साक्रीच्या बाजूला हायस्कूलला मराठी-संस्कृत शिकवत होते, आता निवृत्त आहे. हे नाटक मी वर्गात अनेकदा केलं आहे, म्हणून जरा लांबून सांगते.

आधी एक लक्षात घ्या. हे नाटक वस्तूंवर चालतं. दागिन्यांची पेटी, जाईच्या वासाचं उपरणं, भिंतीतलं भोक, मातीची गाडी, दोन बैलगाड्या, साखळदंड. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की गोष्ट पुढे सरकते. म्हणून कथा सांगून सुरुवात करूच नका. एका पोत्यात या वस्तू भरून न्या. मुलांनी डोळे मिटून एकेक वस्तू काढायची आणि ही कुणाची असेल, त्याने ती का सांभाळली असेल, एवढंच बोलायचं. पहिली तासिका तेवढ्यातच जाऊ द्या.

तुमच्या हजेरीची अडचणही वस्तूच सोडवतात. ज्याच्या खांद्यावर विरलेलं उपरणं तो चारुदत्त, जिच्या डोक्यावर लाल ओढणी ती वसंतसेना. भूमिका मुलाला नाही, वस्तूला बांधा. मग कुणी वेचणीला गेलं तरी खेळ अडत नाही, आणि वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येक पात्र थोडं थोडं होऊन बघता येतं. मला तर हीच शिकवण्याची खरी रीत वाटते, हजेरी पूर्ण असली तरी.

दुसऱ्या अंकातला संवाहक जुगारात दहा सुवर्णनाणी हरून पळतो. मागे अड्ड्याचा मालक माथुर आणि जुगारी लागलेले. तो काय करतो, तर उलट्या पावलांनी ओसाड देवळात शिरतो आणि देवाच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाय ओले करून मुलांना धुळीच्या पटांगणात उलटं चालायला लावा आणि बाकीच्यांना ठसे वाचायला सांगा. उलटं चालताना भार कुठे पडतो, टाच खोल जाते की चवडा, यावर आमच्याकडे तासभर वाद चालायचा. मग एकाला मूर्ती करा आणि त्याच्यासमोर दोघांनी कवड्या खुळखुळवत डाव मांडायचा. मूर्तीने हलायचं नाही. नाटकात संवाहकाला कवड्यांचा आवाज सहन होत नाही आणि तो सापडतो. जुगाराचं व्यसन म्हणजे काय, यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. आपल्या गावांतल्या मुलांनी पत्त्यांचे अड्डे पाहिलेले असतात, ती स्वतःच बोलतात. बोलू द्या, पण कुणाच्या बापाचं नाव वर्गात निघणार नाही एवढं बघा.

आता तुमचा चोर. तिसरा अंक. शर्विलक चोरीकडे शास्त्र म्हणून बघतो. भिंत कशाची आहे ते आधी पाहतो. भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीच्या गोळ्यांची भिंत असेल तर पाणी मारायचं, लाकडाची असेल तर फोडायची. हे सगळं मूळ नाटकात आहे. मुलांना गावात पाठवा, कुठल्या घराची भिंत कशाची आहे याची यादी करून आणू द्या. धाब्याची घरं अजून असतीलच, शिवाय पक्क्या विटांची, कुडाची, पत्र्याची. तो भिंतीवरून हात फिरवत जागा शोधतो, तेही दाखवा. रोज सूर्याला अर्घ्य देताना पाणी सांडून भिंत जिथे खिळखिळी झाली आहे आणि उंदरांनी माती उकरून ढीग घातला आहे, ती जागा तो निवडतो. याच वयाच्या मुलांचं निरीक्षण सर्वांत तिखट असतं, त्यांना हे फार आवडतं.

मग भोकाचा आकार. शर्विलक सात आकार सांगतो: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, वापी म्हणजे विहीर, विस्तीर्ण, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ. किराणा दुकानातून खोक्यांचे मोठे पुठ्ठे आणा. सात गट करा, प्रत्येक गटाने एक आकार कापायचा. माप घ्यायला पट्टी द्यायची नाही, दोरा द्यायचा, कारण शर्विलक मोजायची दोरी घरी विसरलेला असतो आणि जानव्याने माप घेतो. कापून झालं की प्रत्येक गटातल्या एकाने त्या भोकातून पार व्हायचं. चंद्रकोरीतून जाताना खांदे अडतात, स्वस्तिकात गुडघा अडकतो, कुंभातून माणूस सरळ जातो. शर्विलकही कुंभच निवडतो, पक्क्या विटांत तोच शोभतो म्हणून. आत शिरण्याआधी तो खोटा माणूस पुढे सरकवून बघतो, त्यासाठी काठीला शर्ट अडकवला की झालं.

आत गेल्यावर त्याला काय दिसतं? मृदंग, वीणा, बासरी, पोथ्या. त्याला वाटतं हे नाटकवाल्याचं घर आहे की काय. सोनंनाणं कुठेच नाही. आणि विदूषक मैत्रेय झोपेत बरळत दागिन्यांची पेटी, वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेवायला दिलेली, त्याच्याच हातात देतो, चारुदत्त समजून! हा प्रवेश मुलं स्वतः रचतात, तुम्ही फक्त बाजूला उभं राहा. मात्र सकाळचा प्रसंग सोडू नका. चारुदत्त उठतो, भिंतीतलं भोक बघतो आणि आधी म्हणतो, काय देखणं काम आहे! बिचारा चोर एवढे कष्ट करून रिकाम्या हाताने गेला असेल याचंच त्याला वाईट वाटतं. चारुदत्त कोण, हे मुलांना कळावं असं तुम्हाला वाटतं ना? तो इथे कळतो. मुलांना विचारा, तुमच्या घरी चोरी झाली तर तुमचे वडील पहिलं वाक्य काय बोलतील? वर्गात हशा होईल, होऊ द्या, आणि मग चारुदत्ताचं वाक्य पुन्हा वाचा.

गाडीचा प्रसंग सहाव्या अंकात आहे. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला, ती त्याने परत नेली, म्हणून रडतोय. दासी रदनिकेने मातीची गाडी करून दिली, ती त्याला नको. वसंतसेना विचारते, हा का रडतो? रदनिका त्याला सांगते, ही तुझी आई आहे बरं का. मुलगा म्हणतो, माझी आई असेल तर हिच्या अंगावर एवढे दागिने कसे? इथे मी दरवेळी थांबायचे. काहीही बोलायचे नाही. मुलींपैकी एखादी हळूच म्हणायचीच, म्हणजे याच्या आईचे दागिने गेलेले आहेत. हो, गेलेलेच आहेत. चोरीला गेलेल्या ठेवीची भरपाई म्हणून त्याच्या खऱ्या आईने, धूतेने, आपली रत्नमाला देऊन टाकलेली असते. मग वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते, म्हणते, आता झाले ना मी तुझी आई, आणि ते मातीच्या गाडीत भरते, जा, यांची सोन्याची गाडी करून घे.

हा प्रवेश प्रमाण मराठीत करून घेऊ नका. मूळ नाटकातही सगळी पात्रं संस्कृत बोलत नाहीत. वसंतसेना, मैत्रेय, दासी, गाडीवान, पहारेकरी हे सगळे वेगवेगळ्या प्राकृत बोलतात. एवढ्या प्रकारच्या प्राकृत बोली एका नाटकात क्वचितच सापडतात. मग आपण अहिराणी का घेऊ नये? आमच्या एका रोहसेनाने केलेला संवाद सांगते: “माले हाई मातीनी गाडी नको, माले सोनानी गाडी जोयजे!” आणि नंतर, “हाई मनी माय शे? मंग हिना आंगवर इतलं सोनं कसं काय?” कुठल्याही पुस्तकी भाषांतरात मला हे वाक्य इतकं खरं वाटलेलं नाही. ज्या मुलाचा आवाज घशात राहतो असं तुम्ही म्हणता, त्यालाच हे काम द्या.

फक्त एक सांभाळा. अहिराणी ही नोकर-चाकरांची आणि हसवणाऱ्यांची, आणि शुद्ध मराठी मोठ्यांची, अशी वाटणी होऊ देऊ नका. आपली मुलं ते मनात धरून बसतात. नायिकेलाच अहिराणी द्या.

गाड्यांच्या अदलाबदलीला पटांगण लागेल. फक्कीने रस्ता आखा, चारुदत्ताच्या वाड्याचं बाजूचं दार दाखवा. चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक वसंतसेनेला न्यायला गाडी घेऊन येतो, पण बसायची गादी विसरतो. बैल तापट, त्यांना सोडून जाता येत नाही, म्हणून गाडीसकट परत जातो. तेवढ्यात वसंतसेनेच्या मागे लागलेल्या शकाराचा, म्हणजे राजाच्या मेहुण्याचा, गाडीवान स्थावरक तिथे येतो. पुढे गावाकडच्या गाड्यांनी रस्ता अडलेला, कुणाचं तरी चाक रुतलेलं. तो गाडी नेमकी त्याच दारात उभी करून मदतीला जातो. वसंतसेना येऊन त्या चुकीच्या गाडीत बसते. नंतर वर्धमानक परततो आणि त्याच्या गाडीत तुरुंग फोडून पळालेला आर्यक चढतो. जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्या मुलांना हा अंक समजावून सांगावा लागत नाही. दोन दोन मुलं बैल, एक गाडीवान, बाकीची सगळी रस्ता अडवणारी. चुकीच्या गाडीत बसणं अगदी साहजिक वाटलं पाहिजे, तोवर पुन्हा पुन्हा खेळा.

त्यातच कानाचा खेळ आहे. आर्यकाच्या पायात बेडी असते, तिचा आवाज वर्धमानकाला वसंतसेनेच्या पैंजणांचा वाटतो. एकाने गोठ्यातली साखळी हलवायची, एकीने पैंजण, बाकीच्यांनी पाठ करून ओळखायचं. जोरात हलवलं तर लगेच कळतं, अगदी हळू हलवलं तर फसगत होते.

पाचव्या अंकातला पाऊस सुपात सरकी फिरवून आणि पत्रा हलवून होतो, तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत घ्या.

पडदे, देखावे यांवर एक रुपयाही घालवू नका. संस्कृत नाटकात ठिकाण बदललं हे पात्राने रंगमंचावर फेरी मारून दाखवायचं असतं. मुलगा एक चक्कर मारतो आणि म्हणतो, आलो वसंतसेनेच्या वाड्यापाशी. लोक मान्य करतात. आपल्याकडच्या वहीगायनात, तमाशात तरी दुसरं काय करतात?

बोरीकाठ

बाई, मनापासून आभार. उलट्या पावलांचं तर उद्याच करून बघतो. तीन गोष्टी अजून विचारतो. एक, तो शकार. तो ‘स’चा ‘श’ करतो, मुलं हसून लोळतील, पण आठवीतला एक मुलगा खरंच बोबडं बोलतो. दोन, वसंतसेनेचं काय सांगू, ते राहिलं. तीन, आठव्या अंकात गळा दाबायचा प्रसंग आहे, तो घ्यायचा की गाळायचा?

चाकावरची माती

चोपडा तालुक्यातून. आमचं घर कुंभारकामाचं आहे म्हणून गाडीपुरतं लिहितो.

शेतातली निव्वळ काळी माती घेऊ नका. ती ओली असताना छान वळते, पण वाळताना आकसते आणि तडे जातात. नाल्याचा किंवा तलावाचा गाळ आणा, चाळून घ्या, त्यात चुलीची चाळलेली राख किंवा बारीक भुसा मिसळा. मळून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी हाताला चिकटणार नाही.

चाकं आधी करा, साटा म्हणजे वरची चौकट नंतर. आसाला तुराटी किंवा कपाशीची सरळ काडी चालते. चाकाचं भोक काडीपेक्षा मोकळं ठेवा, कारण माती वाळली की भोक लहान होतं आणि चाक फिरतच नाही. मुलं इथेच नाराज होतात. दोन भाग जोडताना दोन्हीकडे काडीने रेघा मारा, चिखलाचं दाट पाणी लावा, मग दाबा. नुसतं चिकटवलं तर सुकल्यावर गळून पडतं. वाळवणं सावलीत, उन्हात नाही, आणि अधूनमधून उलटून.

भाजायची घाई नको. जाड गाडी आत ओली राहिली तर भट्टीत फुटते. भाजायचीच असेल तर गावातल्या कुंभाराकडे द्या, मुलांनाही सोबत न्या. मुलांनी केलेल्या गाड्यांना तो नाही म्हणणार नाही. कच्चीच ठेवली तर तीत दागिने भरताना खाली हात धरा.

जळगावचा श्रोता

उपक्रम छान आहेत, पण एक विचारू का? आपल्या मुलांसाठी संस्कृतातलं नाटक कशाला? देवलांचं ‘संगीत शारदा’ घ्या. १८९९ साली रंगभूमीवर आलं, अस्सल मराठी, आणि पैशासाठी लहान मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावण्याचा विषय. मुलींची लग्नं लवकर उरकण्याचा प्रश्न आपल्याकडे मिटला आहे का? शिवाय जळगावचा आणि संगीत नाटकाचा संबंध आहे. बालगंधर्व लहानपणी इथे राहिले, गाण्याचे पहिले धडे इथेच घेतले, इथलं खुलं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. मुलांना त्यातली दोन पदं शिकवली तरी केवढं काम होईल.

पांझराकाठ

श्रोते, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं, शारदा आठवी-नववीच्या प्रत्येक मुलीपर्यंत पोचलं पाहिजे. पण शारदेचा जीव संवादांत आणि पदांत आहे. त्याला गळा हवा, पेटी-तबला हवा, तयारी हवी. ज्या वर्गाला अजून मोकळं बोलता येत नाही त्याने आधी हाताचं नाटक करावं आणि मग गळ्याचं, असं माझं मत आहे. मृच्छकटिकाला देवलांनीही मराठी संगीत नाटकाचं रूप दिलं होतं, त्यामुळे एका लेखकाकडून दुसऱ्या नाटकाकडे जाणंही सोपं पडेल. सर, पुढच्या वर्षी हीच मुलं घेऊन शारदा करा.

आता सरांचे प्रश्न.

शकार. त्याचं ‘श’ बाजूला ठेवलं तरी चालतं. बोबडं बोलणारा मुलगा वर्गात आहे ना, मग ठेवाच. शकाराचं खरं सोंग दुसरंच आहे. तो रामायण-महाभारत सगळं चुकीचं सांगतो आणि विद्वत्तेचा आव आणतो. वसंतसेनेच्या मागे लागलेला असताना म्हणतो, रावणाच्या तावडीत कुंती सापडावी तशी तू माझ्या तावडीत सापडलीस. मुलांना अशी वाक्यं करायला सांगा. चूक ओळखायची तर बरोबर काय ते माहीत असावं लागतं, त्यामुळे आजीला विचारून, पुस्तक बघून मुलं तयारी करून येतात. आमच्या एका मुलीने केलं होतं, “भीमाने जसा समुद्रावर पूल बांधला तसा मी नाल्यावर बांधीन.” आणि त्या बोबडं बोलणाऱ्या मुलाला न्यायाधीश करा. त्याचं सगळ्यांनी शांतपणे ऐकायचं असतं.

वसंतसेना. लपवू नका आणि रंगवूही नका. मी असं सांगायचे: ती उज्जयिनीतली नाचगाण्यात निपुण, श्रीमंत बाई आहे. पैसेवाले पुरुष तिच्याकडे येतात आणि आपण पैसे टाकले म्हणजे ती आपली झाली असं समजतात. तिला घरसंसार करायची मुभा समाज देत नाही. शकाराला ती नको म्हणते आणि गरीब झालेल्या चारुदत्तावर प्रेम करते, एवढाच तिचा गुन्हा. शेवटी नवा राजा आर्यक तिला ‘वधू’ हा मान देतो, म्हणजे ती कुणाच्याही घरची सून होऊ शकते. तमाशातल्या बायकांबद्दल गावात काय बोललं जातं ते मुलांनी ऐकलेलं असतं. म्हणून हे नीट, गंभीरपणे सांगणं आपलंच काम आहे. मुलं अजिबात खिदळत नाहीत. आपण अडखळलो तर खिदळतात.

गळा दाबण्याचा प्रसंग करून दाखवू नका, पण गाळूही नका. शकार ओढणी ओढून घेतो आणि जमिनीवर टाकतो, एवढंच. त्यावर वाळलेली पानं टाकायची. मग भिक्षू झालेला संवाहक येतो, पानं हलताना बघतो, ओल्या वस्त्राचं पाणी पिळून तिला सावध करतो. दुसऱ्या अंकात जुगाराच्या देण्यापायी हिनेच आपलं कंकण देऊन त्याला सोडवलेलं असतं. मूर्तीचा खेळ खेळलेल्या मुलांना हा धागा लगेच सापडतो. धूता अग्निप्रवेशाला निघते तो शेवटचा भाग मात्र या वयात मी घेत नसे.

आणि न्यायालय, नववा अंक. त्याला निदान तीन तासिका द्या. चारुदत्तानेच वसंतसेनेला मारलं, अशी खोटी फिर्याद घेऊन शकार येतो. न्यायाधीश म्हणतो, आज तुझं काम होणार नाही. शकार धमकी देतो, माझ्या मेहुण्याला, म्हणजे राजाला सांगून तुझी जागा काढून घेईन. न्यायाधीश नमतो, फिर्याद घेतो. इथे खेळ थांबवा आणि कागद वाटा. प्रत्येकाने लिहायचं, मी त्या खुर्चीवर असतो तर काय केलं असतं आणि नोकरी गेली तर घरी काय सांगितलं असतं. नाव लिहायचं नाही. मुलं जे लिहितात ते वाचून मी एकदा स्टाफरूममध्ये बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

त्यानंतर पुरावे टेबलावर मांडा. वसंतसेनेच्या आईची साक्ष की ती चारुदत्ताकडे गेली होती. पहारेकरी वीरकाची साक्ष की चारुदत्ताची गाडी उद्यानाकडे चालली होती. उद्यानात सापडलेलं एका बाईचं प्रेत. आणि ऐन वेळी शकाराशी झोंबताना मैत्रेयाच्या काखेतून खाली पडलेले तेच मातीच्या गाडीतले दागिने, जे तो वसंतसेनेला परत करायला निघाला होता. मुलांना पुरती गोष्ट माहीत असते, तरी त्यांना विचारा, हे एवढंच समोर असतं तर तुम्ही काय निकाल दिला असता? प्रत्येक साक्ष खरी आहे आणि निकाल तरी चुकतो! आठवीच्या मुलांना हे बरोबर झोंबतं, तावातावाने भांडतात. भांडण मिटवायला जाऊ नका.

गॅदरिंगला काय ठेवायचं हे मुलांवर सोडा. माझा कौल विचाराल तर चोर, गाडी आणि न्यायालय, मधले धागे सूत्रधार जोडेल. गाड्यांचा घोळ स्टेजवर मावत नाही, तो पटांगणातच करा, लोक उठून बघायला येतील.

केळीबाग

बाई, चौथीच्या मुलांबरोबर यातलं काय जमेल? गाडी तर करणारच आहे.

पांझराकाठ

गाडी, पाऊस आणि पैंजण-साखळीचा खेळ. मूर्तीचाही जमेल, कवड्यांऐवजी चिंचोके घ्या. रोहसेन साधारण त्यांच्याच वयाचा धरा. सोन्याच्या गाडीसाठी रडणं त्यांना शिकवावं लागणार नाही, पण नको म्हटलेली मातीची गाडी त्याने नंतर कुठे ठेवली असेल, हे त्यांना चित्रात काढायला सांगा.

बोरीकाठ

मिळालं सगळं. गाळ आणायला नदीवर मुलांनाच नेतो, आणि पुठ्ठ्यांचं दुकानदाराशी बोललोय. कवड्या गावात कुणाकडे सापडल्या नाहीत. अमळनेर-पारोळ्याकडे कुणाकडे जास्तीच्या पडून असतील तर इथे लिहा, शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि गॅदरिंग झालं की परत आणून देईन.